अंड्यांसाठी पहिल्यांदाच कोंबड्या घेताय? नागपूरचं ऊन पाहून जात ठरवा

दहा-वीस कोंबड्या घ्यायच्या, पण कोणत्या? पोळा झाला की गावात हा प्रश्न हमखास निघतो. बहुतेक जण “जास्त अंडी देणारी द्या” म्हणून मोकळे होतात आणि तिथंच फसतात. मीसुद्धा फसलो. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून पांढऱ्या लेअर वीस कोंबड्या आणल्या. दोन महिने अंडी भरपूर मिळाली. मे लागला, पारा 45 च्या वर गेला आणि आठवडाभरात अकरा मेल्या. उरलेल्यांतल्या काही ससाण्यानं नेल्या. पांढरी कोंबडी त्याला वरून लगेच दिसते.

व्हाइट लेगहॉर्न वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते हे खरं, पण पिंजरा, तयार खाद्य आणि 16 तास उजेड असेल तेव्हा. अंगणात सोडून, वेचून खायला लावली तर तो हिशेब जुळत नाही.

आपली गावरान साधारण 60 ते 80 अंडी देते. कमी आहेत, पण ती उन्हात टिकते, मुंगसाला चुकवते आणि खुडूक बसून पिल्लंही काढते. अंड्याला भाव चांगला मिळतो तो वेगळाच.

या दोघींच्या मधल्या म्हणजे सुधारित जाती. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाच्या, तर गिरिराज बंगळुरूची. लोक तिन्हींना एकाच मापानं मोजतात. वनराजा आणि गिरिराज अंगानं जड, मटणाच्याही कामाच्या. परसात वनराजा 100-110 अंडी देते, ग्रामप्रिया 160 ते 180. फक्त अंडी पाहिजे असतील तर ग्रामप्रियाच घ्या. तिचं अंडं तपकिरी असतं, रंग गडद असल्यामुळे ससाण्याच्या नजरेतही कमी येते.

एक मात्र ध्यानात ठेवा. सुधारित कोंबडी सहसा खुडूक बसत नाही, आणि तिच्या पिल्लांत आईइतकी अंडी उतरत नाहीत. म्हणून पंधरा ग्रामप्रियासोबत तीन-चार गावरान ठेवा. नुसती खायची-विकायची अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी देते.

आठवडी बाजारात लाल-हिरवी रंगवलेली पिल्लं स्वस्तात मिळतात. ती बहुतेक लेअरचे नर असतात, अंडं कधीच देणार नाहीत. पिल्लं घ्यायची तर सरकारी उबवणी केंद्रातून किंवा खात्रीच्या हॅचरीतून घ्या. नवख्यानं एक दिवसाचं पिल्लू घेण्यापेक्षा 8-10 आठवड्यांची तलंग घ्यावी. पैसे जास्त जातात, पण बल्बखाली पिल्लं जगवण्याची कटकट वाचते. 25 माद्या आणि 3 नरांचा तलंग गट 50 टक्के अनुदानावर देण्याची योजना आहे, अर्ज कधी सुटतात ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारत राहा.

घेताना लासोटा आणि गंबोरोची लस झाली का ते विचारा. राणीखेत म्हणजे मानमोडी एकदा शिरली की खुराडं रिकामं होतं. आठव्या आठवड्याची राणीखेतची लस टोचून घ्यायला विसरू नका.

सप्टेंबरात पिल्लं आणली तर ग्रामप्रिया फेब्रुवारी-मार्चला अंड्यावर येते. तोवर खुराड्यावर तणसाचं छप्पर टाकून ठेवा. टिनाखाली ठेवाल तर मे महिन्यात माझ्यासारखं मोजत बसाल.