राजा खरंच वेडा होता का?

पावसाळ्यात पन्हाळ्याला गेलं की आपला कार्यक्रम ठरलेला असतो. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठीतून धुक्याचे फोटो, मग झुणका-भाकर आणि परत कोल्हापूर. ताराबाईंच्या वाड्यापाशी मात्र फार कुणी रेंगाळत नाही. मंडळी, आज तिथूनच सुरुवात करू.

औरंगजेबाशी लढलेल्या ताराबाईंनी १७१० च्या सुमारास पन्हाळ्यावर राजधानी केली. करवीरची वेगळी गादी उभी राहिली ती इथे. १७१४ मध्ये सवत राजसबाईंनी डाव उलटवला आणि ताराबाई व त्यांचा मुलगा शिवाजी याच गडावर कैदेत पडले. मुलगा कैदेतच वारला. जुन्या इतिहासग्रंथांत त्याच्या नावापुढे ‘दुर्बळ बुद्धीचा’ असा शेरा भेटतो. कुणी तपासलं होतं त्याला? कशावरून? काही नाही. शेरा मारला की पुढच्या पानावर जायला मोकळे!

एकशे अडुसष्ट वर्षांनी हाच शेरा याच गादीवरच्या दुसऱ्या शिवाजीवर बसला, आणि या वेळी सरकारी शिक्क्यानिशी. राजधानी तोवर पन्हाळ्यावरून खाली कोल्हापुरात आली होती. १८७० मध्ये राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्सला वारले. पुढच्या वर्षी आठ वर्षांच्या नारायणरावांना दत्तक घेतलं, तेच चौथे शिवाजी महाराज. पोर मोठं होऊ लागलं आणि वागण्यात बिघाड दिसतो अशी कुजबुज सुरू झाली. १८८२ मध्ये महाराज राज्य चालवायला असमर्थ आहेत असं ठरवून इंग्रजांनी रीजन्सी नेमली, कागलचे जयसिंगराव घाटगे रीजंट झाले, आणि एकोणीस वर्षांच्या राजाला नगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) किल्ल्यात नेऊन ठेवलं.

पुण्यात बॉम्ब पडला म्हणायला हरकत नाही. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ जेमतेम वर्षभराचे. महाराज वेडे नाहीत, त्यांना छळून वेडं ठरवलं जातंय आणि त्यामागे दिवाण माधवराव बर्वे आहेत, असा सूर या पत्रांनी लावला. पुरावा म्हणून काही पत्रं छापली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, कोर्टात पत्रं बनावट निघाली, आणि टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. १०१ दिवस डोंगरीत काढून ऑक्टोबरमध्ये दोघे सुटले. दोघेही तेव्हा सव्विशीचे, म्हणजे आपल्या टीममधल्या कुणाच्याही वयाचे! तुरुंगात आगरकर ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरावर काम करत होते, जे पुढे ‘विकारविलसित’ म्हणून प्रसिद्ध झालं. ज्या राजपुत्राचं वेड खरं की सोंग हे कुणालाच कळत नाही, त्याचं नाटक. योगायोग म्हणा किंवा काहीही म्हणा.

असो. शाळेत ही गोष्ट आपण टिळक-आगरकरांची म्हणून शिकतो. महाराजांचं पुढे काय झालं? २५ डिसेंबर १८८३ रोजी रखवालीवरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत ते गेले. वय वीस.

या प्रकरणात मला सारखी एक गोष्ट खटकते. एक बाजू म्हणत होती ‘वेडा आहे’, दुसरी म्हणत होती ‘मुळीच नाही’. आजारी असेल तर बरं कसं करायचं, हा प्रश्न त्या भांडणात कुठे उमटतच नाही. वेडा ठरला तर गादी जाणार, म्हणून त्याच्या बाजूच्यांनाही तो आजारी असणं परवडणारं नव्हतं. महाराजांना नेमकं काय झालं होतं हे आज कुणी फाइली वाचून सांगू नये. रोग्याशी न बोलता केलेलं निदान म्हणजे पुन्हा तोच शेरा.

तेव्हाच्या डॉक्टरांकडेही फारसं काही नव्हतं हे खरं. १८५८ चा कायदा वेड्यांच्या इस्पितळांचा, म्हणजे मुख्यतः आत ठेवण्याचा. उन्माद आणि खिन्नता या एकाच आजाराच्या दोन बाजू असू शकतात ही मांडणी जर्मनीत क्रेपेलिननं नीट केली ती १८९९ मध्ये. लिथियमचा उपयोग ऑस्ट्रेलियात जॉन केडनं दाखवला १९४९ ला, डिप्रेशनवरचं इमिप्रामीन १९५७ चं.

आणि आपण? माझ्या ओळखीच्या एका टीममध्ये एक चांगला डेव्हलपर दोन महिने गप्प गप्प होता. पहाटे तीनला मेल, दुपारी स्क्रीनकडे नुसतं बघत बसणं. कॅन्टीनमध्ये चर्चा काय, तर ‘नाटक करतोय की खरंच?’ एकशे चाळीस वर्षांनी तोच प्रश्न!

डॉक्टर वेगळं विचारतात. उदास वाटणं किंवा कशातच रस नसणं दोन आठवडे रोज, जवळजवळ दिवसभर आहे का? झोप, भूक, एकाग्रता? आपण कुचकामी आहोत असं वाटतं का? मरणाचे विचार येतात का? थायरॉइड तपासतात, कारण ते बिघडलं तरी असंच दिसतं. आणि आधी कधी चार-चार दिवस जेमतेम झोपूनही अंगात प्रचंड उत्साह, तोंडाला खळ नाही, पैसे उधळले, असं झालं होतं का हेही विचारतात. हा प्रश्न राहिला तर बायपोलर माणूस नुसता डिप्रेशनचा समजला जातो, आणि एकट्या डिप्रेशनच्या गोळीनं उलट उन्मादाकडे ढकलला जाऊ शकतो. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं त्या बंद करायच्या नसतात. लिथियम असेल तर रक्तातलं प्रमाण अधूनमधून तपासावं लागतं. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानंही फरक पडतो.

२०१७ चा मानसिक आरोग्य कायदा वाचताना मला नगरचा किल्लाच दिसत होता. निदान राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या वैद्यकीय निकषांवरच करायचं. राजकीय, आर्थिक, सामाजिक स्थान हा आधार चालणार नाही, असं तिसऱ्या कलमात सरळ लिहिलंय. आजारी पडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत हे सज्ञान माणूस आधीच लिहून ठेवू शकतो, आपल्या वतीनं बोलणारा माणूस नेमू शकतो, दाखल केल्याविरुद्ध मंडळाकडे दाद मागू शकतो. २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही फोनसेवाही आहे. नंबर १४४१६, मराठीतही बोलता येतं.