आधी अमरेली, मग अख्खं बडोदे संस्थान

बडोद्यात सक्तीचं शिक्षण एका हुकमानं आलं, असं आपण सहज म्हणून जातो. पण सयाजीराव महाराजांनी १८९३ साली आधी अमरेली आणि तालुक्यातली मोजकी खेडी निवडली. शिक्षण मोफत, मूल न पाठवलं तर पालकाला दंड. सक्ती मुलींनाही होती, फक्त कमी वर्षांची. तेरा वर्षं अनुभव घेऊन १९०६ मध्ये कायदा सगळ्या संस्थानाला लागू झाला. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक मांडताना बडोद्याचाच दाखला दिला. ते नामंजूर झालं.

तरी एक गोष्ट विसरू नये. शेतात राबणारं पोर शाळेत गेलं, की गरीब घराचे दोन हात कमी होत. दंड सोसून मूल घरीच ठेवणारेही होते. शाळा कायद्यानं दिली. पोटाचा प्रश्न उरलाच.