तेलसाठे, आरमार आणि किनारा : १९७१ च्या युद्धातील केमारी व ओखा

मुंबई बंदराच्या पूर्वेस, उरणच्या दक्षिणेला करंजा हे कोळी-आगरी वस्तीचे गाव आहे. उरण हा पूर्वी पनवेल तालुक्याचाच भाग होता. जुन्या इंग्रजी कागदपत्रांत सबंध उरण बेटास करंजा म्हटलेले आढळते. १७८२ च्या सालबाईच्या तहान्वये साष्टीबरोबर ते इंग्रजांकडे राहिले. आज करंजा नौदलाच्या शस्त्रभांडारासाठी ओळखले जाते. त्याच बंदरात जवाहर द्वीपावरील तेलाचे धक्के आणि ट्रॉम्बे येथील तेलशुद्धीकरण कारखाने आहेत. दारूगोळा, इंधन आणि दाट लोकवस्ती यांचे हे सान्निध्य युद्धकाळात काय अर्थ धारण करते, हे १९७१ साली पश्चिम किनाऱ्यावर स्पष्ट झाले.

त्या वर्षी मुंबईस आलेल्या सोव्हिएत बनावटीच्या ‘ओसा’ वर्गातील क्षेपणास्त्र नौका मूलतः किनारारक्षणासाठी बांधलेल्या होत्या. सुमारे २०० टनांच्या या नौकांची मजल ३० नॉट वेगाने ८०० सागरी मैलांच्या आसपास होती. मुंबई ते कराची हे अंतरच सुमारे ५०० सागरी मैल. म्हणजे वाटेत इंधन घेतल्यावाचून कराचीवर जाऊन परतणे शक्य नव्हते. ही गरज सौराष्ट्राच्या टोकावरील ओखा बंदराने भागवली. या मोहिमेचे वर्णन करताना क्षेपणास्त्रांची चर्चा भरपूर होते. तेलाच्या टाकीची मात्र क्वचितच.

४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या नौकांनी किलतान व कच्छल यांच्या साथीने ‘ट्रायडेंट’ मोहीम पार पाडली. खैबर ही विनाशिका व मुहाफिज ही सुरुंगशोधक नौका बुडाली. कराची बंदरालगतच्या केमारी येथील तेलटाक्यांना लागलेली आग मात्र वादाचा विषय ठरली. नौदलाच्या कथनात ती निपातच्या क्षेपणास्त्राने लागली. हवाई दलाच्या कथनात जामनगरहून त्याच दिवशी गेलेल्या हंटर विमानांनी ती लावली. दोन्ही हल्ले अवघ्या काही तासांच्या अंतराने झाले असल्याने जळत्या टाकीवर एकाच दलाची मोहोर उमटवण्याचा आग्रह फारसा फलदायी नाही. युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की पश्चिम पाकिस्तानच्या प्रमुख बंदराचा इंधनसाठा आकाशातून आणि समुद्रातून, दोन्हीकडून माऱ्याच्या टप्प्यात आला होता.

श्रेयाच्या या वादात ओखा मागे पडले. पाकिस्तानी हवाई दलाने सीमेपलीकडून येऊन या बंदरावर बॉम्बहल्ला केला आणि क्षेपणास्त्र नौकांची इंधनसोय, दारूगोळ्याचा साठा व धक्का यांवर अचूक मारा केला. नौका तेथे नव्हत्या. हल्ल्याचा अंदाज घेऊन त्या आधीच अन्यत्र हलवलेल्या होत्या. नौदलाची ही दूरदृष्टी निःसंशय प्रशंसनीय होय. परंतु इंधनाची टाकी हलवता येत नाही. ती नष्ट झाल्याने कराचीवरील पुढचा हल्ला लांबला. एकही नौका न बुडवता शत्रूने नौकापथकास काही दिवस रोखून धरले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. कराचीच्या बाजूस भीती तेवढ्याने ओसरली नाही, हेही नोंदवले पाहिजे : ६ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्याच झुल्फिकार या फ्रिगेटला भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून तिच्यावर गोळीबार केला.

८ डिसेंबरच्या रात्री ‘पायथॉन’ मोहिमेत त्रिशूल आणि तलवार यांच्यासह गेलेल्या विनाश या एकट्या नौकेने चार क्षेपणास्त्रे डागली. केमारीचे तेल पुन्हा पेटले. पनामाचे गल्फ स्टार हे जहाज बुडाले, ब्रिटिश हार्मॅटन व पाकिस्तानी नौदलाचे तेलवाहू जहाज ढाका यांची मोठी हानी झाली. तटस्थ देशांच्या व्यापारी जहाजांनी मोजलेली ही किंमत विजयगाथांत सहसा येत नाही.

स्फोटके आणि वस्ती यांच्या सान्निध्याचा अनुभव मुंबईस युद्धाआधीच, आणि तोही शत्रूच्या मदतीवाचून, आला होता. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजावरील दारूगोळ्याचा स्फोट होऊन गोदीलगतच्या वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला. करंज्याचे भांडार खाडीपलीकडे आहे. पण पलीकडेही गावेच आहेत. भांडाराभोवतीच्या सुरक्षा पट्ट्यात आलेल्या जमिनी व घरे यांचा प्रश्न केगाव, म्हातवली, बोरी या गावांतून अनेक वर्षे धगधगत राहिला.