हक्काची मजुरी आणि देवाची कृपा

आपल्या यवतमाळात 1953 साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि 1983 मध्ये ती पुण्याला गेली. या कापसाच्या गावात तीस वर्षे प्रांतोप्रांतीचे तरुण एक जुना प्रश्न अभ्यासीत होते : देवापुढे माणूस नीतिमान ठरतो तो कशाने?

मी धर्मपंडित नव्हे. कामगारांत वावरणारा माणूस. पण या प्रश्नाचे मूळ वाचताना मला माझ्याच व्यवसायातला दाखला सापडला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल सांगतो की, काम करणाऱ्याची मजुरी हे त्याचे येणे आहे, कोणाची मेहेरबानी नाही. जिनिंग कामगारांच्या कोणत्याही सभेत याला टाळ्या पडतील! पौलाचा रोख मात्र निराळा. देवाशी हा हिशेब चालत नाही. तिथे हजेरीपट दाखवून कोणी सुटत नाही; ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला देव आपण होऊन नीतिमान ठरवतो. मराठीत ‘नीतिमान’ म्हटले की सदाचारी गृहस्थ डोळ्यांपुढे येतो; मूळ ग्रीक शब्दाला न्यायाधीशाच्या निवाड्याचा अर्थ आहे. तेव्हा जोर ‘ठरवणे’ या क्रियापदावर द्यायचा. सोळाव्या शतकात ल्यूथर रोमशी भांडला तो यावरच. मात्र देवाची कृपा सांगून कोणा मालकाला मजुरी बुडवता येणार नाही. मजुरीचा हक्क पौलाने गृहीतच धरला आहे.

मराठी मुलखात हा सिद्धांत जगून पाहिला पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढून विधवांच्या शिक्षणाला वाहून घेतले. एवढे पुण्य कोणालाही पुरले असते. तरी 1907 च्या आपल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे त्यांच्या मनाला समाधान नव्हते. धर्म स्वीकारला होता, पण तारण केवळ विश्वासाने मिळते हे पुढे उमगले.

फुकट मिळाले की माणूस आळसावतो, हा आक्षेप ल्यूथरइतकाच जुना. पगारवाढ मागितली की आम्हांलाही तोच ऐकावा लागतो! रमाबाईंचे पुढचे आयुष्य पाहा. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात गेल्या, उपासमारीतल्या मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचा संसार मांडला. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो आल्या. उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून बाईंनी अवघे बायबल सोप्या मराठीत आणायला घेतले आणि ते काम पुरे करूनच एप्रिल 1922 मध्ये डोळे मिटले.