दम्याचं कूळ

रात्री दोनच्या सुमारास म्हातारा अंथरुणात उठून बसतो. गुडघ्यांवर हात टेकतो, खांदे वर ओढतो आणि छातीतून शिटीसारखा बारीक आवाज येऊ लागतो. शेजारच्या खोलीत दिवा लागतो. "दमा उठलाय," एवढं एकानं म्हटलं की बाकीच्यांना पुढचं विचारावं लागत नाही.

दमा हा शब्द फारसीतून आला. तिथे दम म्हणजे श्वास. लोहाराच्या भात्यालाही दमच म्हणतात. बहमनी-आदिलशाहीच्या कचेऱ्यांतून मराठीत शेकडो फारसी शब्द उतरले. दम त्यांतलाच, आणि इतका घरचा झाला की जिना चढताना दम लागतो, मग माणूस दम खातो, धावताना त्याची दमछाक होते. गवई दमसास कमावतो. शमदमातला दम मात्र संस्कृत, इंद्रियनिग्रहाचा. नाव तेच, कूळ वेगळं.

फारसी येण्याच्या कितीतरी आधी वैद्यांकडे या दुखण्याचं नाव होतं. चरकसंहितेत श्वासरोगाचे 5 प्रकार सांगितले आहेत: महाश्वास, ऊर्ध्वश्वास, छिन्नश्वास, तमकश्वास आणि क्षुद्रश्वास. आपला दमा त्यांतल्या तमकाच्या सर्वांत जवळचा. तमस् म्हणजे अंधार. झटका आला की रोग्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. आडवं झालं की त्रास वाढतो, बसलं की बरं वाटतं, ऊब हवीशी वाटते. ढगाळ हवा, पाऊस, थंडी, पूर्वेचा वारा यांनी दुखणं बळावतं, हे सगळं तिथे नोंदलेलं आहे. म्हाताऱ्यानं चरक वाचलेला नाही. तो उठून बसतो, कारण बसल्यावरच थोडी हवा आत जाते.

अस्थमा ग्रीकांचा. इलियडमध्ये अजॅक्सच्या दगडानं लोळवलेला हेक्टर श्वासासाठी तडफडतो, तिथे हाच शब्द आहे. रोग नव्हे, नुसती धाप. रोगाचं नाव म्हणून तो पुढे हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या ग्रंथांत रुळला. इंग्रजांनी त्यातला 'थ' लिहिण्यापुरता ठेवला, बोलताना गाळला. मराठीनं स्पेलिंग पाहून तो पुन्हा उच्चारात आणला.

1956 साली अमेरिकेत प्रत्येक दाबाला ठरावीक मात्रा देणारा इनहेलर विक्रीला आला. आपल्याकडे त्याचा झाला 'पंप'. तो ओढल्यावर औषध फुप्फुसात ठरावं म्हणून साधारण 10 सेकंद श्वास रोखायचा असतो. म्हणजे डॉक्टर रोग्याला सांगतात ते शब्दशः हेच: दम धरा.