फॉन्ट नाय

सोमवार, २९ फेब्रुवारी २०१६. मालवणात भरडावर, पहिल्या मजल्यावर एका करसल्लागाराचं, म्हणजे आमच्या सरांचं, ऑफिस. तीन संगणक, एक प्रिंटर, एक टीव्ही. मी तिथे हिशेबनीस होतो, पण ऑफिसातलं माझं खरं पद वेगळं होतं. मेलमधून आलेली फाइल उघडली नाही की सगळे मला हाक मारत. त्या पदाचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी ९.४५. उरले ५ तास १० मिनिटं

मोडेमचे दिवे लागले. ताईंनी मेल उघडला. ताई ऑफिसातल्या सर्वांत जुन्या. पंधरा वर्षं टायपिंग आणि व्हाउचर त्यांच्याकडेच.

पहिल्या दहा मिनिटांत दोन हाका आल्या. तारकर्लीच्या एका निवास-न्याहारीवाल्याने खोल्यांची बिलं पाठवली होती, पण आकार शून्य केबी. पाठवतानाच लाइन तुटली असणार. परत पाठवायला सांगितलं. दुसऱ्या मेलमध्ये ‘विनमेल.डॅट’ नावाची एकच फाइल होती. पाठवणाऱ्याच्या आउटलुकने मूळ कागद स्वतःच्याच गाठोड्यात बांधून धाडले की समोरच्याला हे नाव दिसतं. गाठोडं सोडणारा एक छोटा फुकट प्रोग्राम मी ठेवलेला होता. आतून पीडीएफ निघाली. ताई म्हणाल्या, “तुझो हात लागलो की उघडताच.”

१०.२०. उरले ४ तास ३५ मिनिटं

तिसरी हाक. एका सोसायटीचं मराठी पत्र वर्डमध्ये आलं होतं आणि पडद्यावर नुसतं रोमन अक्षरांचं, कंसांचं, उलट्यासुलट्या चिन्हांचं कडबोळं.

इथे जरा थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या कडबोळ्यापाशी येऊन अडकतं. युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंगच्या प्रत्येक पद्धतीने इंग्रजी अक्षरांच्या जागांवर आपापल्या सोयीने देवनागरी आकार बसवले. श्रीलिपीचा ‘क’ एका खुंटीवर, सुरेखचा दुसऱ्याच. तो फॉन्ट तुमच्या संगणकावर असेल तर पत्र, नसेल तर भुताटकी. मराठी ऑफिसात काम केलेल्या कुणालाही असली भुताटकी पाहून दचकायला होत नाही. कडबोळं दिसलं की आम्ही एकच निदान करायचो: फॉन्ट नाही. आणि ते निदान दहापैकी दहा वेळा बरोबर निघायचं. इंग्रजीत काम करणाऱ्याला असलं पान पाहून निदान शंका तरी आली असती. आम्हाला ते घरचंच वाटायचं.

फॉन्ट टाकला, पत्र वाचता आलं. तीन हाका, तीन फाइली.

१०.५०. उरले ४ तास ५ मिनिटं

सोमवार म्हणजे बॅकअपचा दिवस. एरवी कपाटात कुलूपबंद असणारी हार्ड डिस्क मी बाहेर काढली आणि कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला जोडली. सगळ्या अशिलांच्या फाइलींचा सामायिक फोल्डर तिथेच होता. ताईंच्या आणि सरांच्या मशीनवरून तो उघडता येई. कॉपी सुरू केली. आठवड्यातून जेमतेम दोन तास ती डिस्क तारेला लागायची, आणि नेमके ते दोन तास आता सुरू झाले.

११.००. उरले ३ तास ५५ मिनिटं

अर्थसंकल्प. अरुण जेटली बोलायला उभे राहिले, सरांनी आवाज वाढवला. त्या दिवशी पाच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांची करसवलत दोन हजारांवरून पाच हजार झाली आणि लहान धंद्यांना अंदाजित नफ्यावर कर भरण्याची जी सोय होती, तिची उलाढालीची मर्यादा एक कोटीवरून दोन कोटींवर गेली. आमच्या होडीवाल्यांना आणि हॉटेलवाल्यांना दोन्हीत रस. सरांचं सगळं लक्ष टीव्हीत, माझं अर्धं.

११.२६. उरले ३ तास २९ मिनिटं

“रे बाबू, ह्या बघ मरे. ह्येचोव फॉन्ट नाय.”

विषयात इंग्रजीत ‘इन्व्हॉइस’, पुढे ‘जे’ हे अक्षर आणि एक लांब आकडा. बिल जोडलं आहे, पाहून पैसे भरावेत, एवढाच मजकूर. पाठवणारा अनोळखी, पण अशिलांची बिलं दूरदूरच्या व्यापाऱ्यांकडून थेट आमच्याकडे येत, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही. २००० सालच्या ‘आय लव्ह यू’ व्हायरसचे किस्से मी ऐकले होते, ‘.एक्सई’ किंवा ‘.व्हीबीएस’ असती तर मी हात लावला नसता. ही साधी वर्डची ‘.डॉक’ होती.

पडद्यावर कडबोळं. वरच्या बाजूला इंग्रजीत एक ओळ: अक्षरं नीट दिसत नसतील तर मॅक्रो चालू करा.

ही सूचना मला केवढी समंजस वाटली! आजवर न उघडणाऱ्या एकाही फाइलने आपलं औषध आपणच सांगितलं नव्हतं.

११.३१. उरले ३ तास २४ मिनिटं

वर्डच्या माथ्यावर पिवळी पट्टी होती. तिच्यावरचं ‘एनेबल एडिटिंग’ दाबलं. दुसरी पिवळी पट्टी आली. ‘एनेबल कंटेंट’ दाबलं.

काहीच झालं नाही. कडबोळं तसंच.

झालं होतं ते पडद्यामागे. मॅक्रो म्हणजे वर्डच्या पोटात बसवता येणारा छोटा प्रोग्राम. १९९९ साली मेलिसा व्हायरस वर्डच्या मॅक्रोवरूनच पसरला. म्हणूनच तर ती पिवळी पट्टी आडवी घातलेली असते. आमच्या मॅक्रोने इंटरनेटवरून एक प्रोग्राम उतरवून चालू केला. त्याचं नाव लॉकी. जन्माला येऊन त्याला जेमतेम दोन आठवडे झाले होते. त्याने आपल्या सर्व्हरकडून कुलूप मागवलं. किल्ली तिकडेच राहिली.

मी मात्र फॉन्ट शोधत होतो. एकामागून एक चार टाकून पाहिले.

दुपारी १२.१५. उरले २ तास ४० मिनिटं

फॉन्ट लागू पडेना, म्हणून तीच फाइल सरांच्या मशीनवर नेली. तिथलं वर्ड जरा नवं. सर टीव्हीसमोर, खुर्ची रिकामी. पुन्हा दोन पट्ट्या, पुन्हा दोन क्लिक. शेवटी पाठवणाऱ्याला मेल केला: कृपया पीडीएफ पाठवा. मेल पत्ता न सापडल्याने परत आला. पत्ता चुकीचा टाइप केला असेल म्हणून पुन्हा पाठवला.

ताई म्हणाल्या, मशीन जड झालंय. हार्ड डिस्कचा दिवा थांबतच नव्हता. मी म्हटलं, बॅकअप चालू आहे ना.

१.२०. उरला १ तास ३५ मिनिटं

जेवण. ताईंच्या डब्यात बांगड्याचं तिकलं. एरवी आठवड्यातून दोनतीन दुपारी वीज जायची आणि आम्ही शिव्या घालायचो. त्या दुपारी ती गेली नाही. गेली असती तर निम्म्या फाइली तरी वाचल्या असत्या. वीज न गेल्याबद्दल हळहळणारा मालवणात मी एकटाच असेन.

२.२०. उरली ३५ मिनिटं

दुसऱ्या दिवशी एका अशिलाची कर्जाची फाइल बँकेत द्यायची होती. सरांनी ती मागितली. सामायिक फोल्डरमध्ये ती नव्हती. तिथे बत्तीस-बत्तीस अक्षरांची, आकडे आणि रोमन अक्षरं मिसळलेली नावं होती आणि प्रत्येकाच्या शेपटाला ‘.लॉकी’. मी एकावर दोनदा क्लिक केलं. उघडली नाही.

तरीही माझ्या डोक्यात काय आलं असेल? शेपूट बदलून पाहू. ‘.लॉकी’ पुसून ‘.डॉक’ लिहिलं. कडबोळं. पट्टीसुद्धा आली नाही.

मग बॅकअपची डिस्क उघडली. तिथेही तीच नावं. जोडलेल्या डिस्का, शेजारच्या संगणकांवरचे खुले फोल्डर, हात पोचेल ते सगळं लॉकी कुलपात घालतो आणि विंडोजने राखलेल्या जुन्या प्रती आधी पुसून टाकतो. मी डिस्क वेळेवर जोडून त्याची पायपीट वाचवली होती.

२.५५

ताईंच्या पडद्यावरचा देवगड किल्ल्याचा फोटो गेला आणि त्याच्या जागी इंग्रजी मजकुराची पाटी आली. तुमच्या फाइली आरएसए-२०४८ आणि एईएस-१२८ने बंद केल्या आहेत; ते काय असतं हे वाचायला खाली विकिपीडियाचे दुवे. शिकवणीसकट दरोडा! सोडवणुकीची किंमत अर्धा बिटकॉइन, तेव्हाच्या भावाने सुमारे पंधरा हजार रुपये. पाच मिनिटांनी सरांच्या मशीनवर तीच पाटी.

तिन्ही संगणकांच्या तारा मी तेव्हा उपटल्या.

सरांनी पैसे भरायला नकार दिला. त्याच महिन्यात लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड प्रेस्बिटेरियन रुग्णालयाने अशाच खंडणीपायी ४० बिटकॉइन, म्हणजे सुमारे १७ हजार डॉलर मोजल्याची बातमी आम्हाला मागाहून कळली. मे महिन्यात तर खुद्द मंत्रालयातले महसूल आणि सार्वजनिक बांधकाम खात्यांचे सुमारे दीडशे संगणक लॉकीने धरल्याचं पेपरात आलं. ताईंनी ते कात्रण माझ्या टेबलावर आणून ठेवलं, काही बोलल्या नाहीत. मेलमधून आलेल्या फाइलींचे मॅक्रो मायक्रोसॉफ्टने २०२२ साली मुळातच अडवायला सुरुवात केली. सहा वर्षं उशीर झाला, असं मी म्हणणार नाही. पट्टी तेव्हाही होतीच.

रात्री ८.३०

आमची मेलपेटी लहान, सहा महिन्यांपलीकडचं सगळं आम्ही पुसत असू. तेवढ्यातलं परत मिळालं. त्याआधीचं कुणाकडे असेल? ज्यांना आम्ही पाठवलं त्यांच्याकडे. वही घेऊन एकेका अशिलाला फोन लावत बसलो: आम्ही पाठवलेले मेल पुसू नका, ताळेबंदाची फाइल उलट धाडा.

देवबागचा एक ट्रॉलरवाला बराच वेळ गप्प राहिला.

“गेल्या वर्षी धाडलेलास ती? ती माका कधी उघडूकच नाय. पण ठेवलंय हा तशीच.”

धाडा, म्हटलं.