दुसऱ्या मालकाचे वाहन

वाहनांचे इतिहास बहुधा कारखानदाराच्या बाजूने लिहिले जातात. अमुक यंत्र अमुक साली कोणी शोधिले, ते प्रथम कोठे तयार झाले, बाजारात आले त्या दिवशी त्याची किंमत काय होती, इतके सांगून इतिहासकार पुढील यंत्राकडे वळतो. परंतु आपल्यासारख्या देशात वाहनाचे खरे आयुष्य पहिल्या मालकाने ते विकावयास काढिल्यावर सुरू होते. पहिला मालक ते पाच-सहा वर्षे वापरतो; त्यानंतरची पंधरा वर्षे ते दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या, कधी चौथ्याच्याही दाराशी उभे असते. एखादे वाहन लोकांचे झाले किंवा नाही, याचा निर्णय पहिल्या खरेदीवरून न करता या पुढील हातांवरून करावा, असे आम्हास वाटते. ही कसोटी पाय आणि यंत्र अशा दुहेरी बळावर चालणाऱ्या वाहनास लावून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी भिंगारइतके सोयीचे गाव दुसरे क्वचितच सापडेल.

भिंगार हे अहमदनगरपेक्षा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरपेक्षा, जुने गाव. १४९० साली मलिक अहमदाने बहमनी सैन्याचा पराभव केला तो भिंगारच्या परिसरात, आणि १४९४ साली त्याने जवळच आपले नवे नगर वसविले. पुढे १८०३ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि कालांतराने भिंगार हे छावणीचे गाव झाले. आजही चिलखती दलाच्या शिक्षणकेंद्रामुळे तेथील लष्करी वस्ती कायम आहे. या इतिहासातील दोन गोष्टी आपल्या विषयास उपयोगी आहेत. पहिली, भिंगार आणि नगर यांमधील अंतर. जुन्या लेखांत ते दोन मैल दिलेले असते. शाळा, कचेरी, कोर्ट, बाजारपेठ नगरात, घर भिंगारात. हे अंतर रोज दोनदा पायी तुडवावयास थोडे जास्त आणि मोटार ठेवावयास फारच कमी. दुसरी गोष्ट, छावणीतील माणूस बदलीचा असतो. तो येतो तेव्हा वस्तू विकत घेतो, जातो तेव्हा जड वस्तू विकून जातो. ही सर्वच छावण्यांतील रीत आहे. म्हणजे लहान अंतराचे वाहन आणि जुन्या वस्तूंचा व्यवहार, या दोन्ही गोष्टींस येथील परिस्थिती मुळातच अनुकूल आहे.

या अंतराचे पहिले उत्तर सायकल होते. जुनी सायकल घेणे हा सर्वांत निर्धोक व्यवहार. कारण सायकल काहीच लपवीत नाही. सांगाडा वाकला असेल तर मागे उभे राहून पाहताच दोन चाके एका रेषेत नाहीत हे कळते. चाक उचलून फिरविले की रिम डोलते किंवा नाही ते दिसते. पेडल हलवून पाहिले की आतील छर्रे झिजले किंवा कसे, हे हातास समजते. विकणाऱ्यास जे ठाऊक, तेच घेणाऱ्यास पाच मिनिटांत ठाऊक होते. उभयतांचे ज्ञान सारखे असल्यामुळे भाव ठरविण्यात फसवणुकीस जागा थोडी राहते. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याभोवती फिरणारे आहे.

सायकलीस यंत्राची जोड देण्याची कल्पना युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. फ्रान्समध्ये १९४६ साली व्हेलोसोलेक्स निघाली. तिचे लहानसे इंजिन पुढील चाकावर बसविलेले असे. १९५२ साली एका स्वीडिश पत्रकाराने ‘मोटर’ आणि ‘पेडल’ या शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘मोपेड’ हा शब्द घडविला. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९६७ साली चाओ नावाची मोपेड काढिली, आणि तिच्याच धर्तीवरील मोपेड १९७२ साली नगरात तयार होऊ लागली. तीच लुना.

लुना नगरात निघाली हा केवळ योगायोग नव्हता. नगरचे वकील व स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते कुंदनमल शोभाचंद फिरोदिया हे १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे पुत्र नवलमल व हस्तीमल हे दोघेही वाहन-उद्योगात पडले, आणि हस्तीमल यांनी स्थापिलेल्या कायनेटिक इंजिनिअरिंग कंपनीचा कारखाना नगर-दौंड रस्त्यावर उभा राहिला. त्या काळी स्कूटर हवी असल्यास नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यात १९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली आणि काही महिन्यांतच जगात तेलाचा भाव सुमारे चौपट झाला. थोड्या पेट्रोलवर चालणारी आणि पेट्रोल नसले तरी चालणारी गाडी यापेक्षा अधिक समयोचित मुहूर्तावर येऊ शकली नसती.

‘पेट्रोल नसले तरी चालणारी’ हे शब्द आम्ही मुद्दाम योजिले आहेत. जुन्या लुनास पेडल होते. सुरू करताना ते मारावे लागे, आणि चढावर इंजिन कुंथू लागले म्हणजे स्वार पायांनी त्यास हातभार लावी. टाकी रिकामी झाली किंवा इंजिनाने दगा दिला, तर इंजिनाचा संबंध तोडून सायकलीप्रमाणे पाय मारीत घरी येता येत असे. हे काम सुखाचे होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु माणूस रस्त्यात अडकून पडत नसे. कायद्यानेही या लहान इंजिनास सवलत दिली. इतर मोटारसायकलींस अठरा वर्षांची अट. पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनास मात्र सोळा वर्षे पुरत. त्यामुळे महाविद्यालयात नुकतेच पाऊल टाकणारी मुलगी आणि सायकलीपलीकडे कधी न गेलेले मास्तर, दोघांसही ती चालविता येऊ लागली. पियूष पांडे यांनी लिहिलेल्या जाहिरातीतील ‘चल मेरी लुना’ हे तीन शब्द पुढे घरोघरी पोहोचले.

तथापि लुना लोकांची झाली ती जाहिरातीमुळे नव्हे. पहिल्या मालकाने स्कूटर घेतली, लुना विकली. ती कारकुनाकडे गेली. कारकुनाच्या मुलास नोकरी लागल्यावर ती दूधवाल्याकडे गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंस किटल्या लटकू लागल्या. या प्रत्येक हस्तांतराच्या वेळी घेणाऱ्यास गाडीची परीक्षा करता येत असे. इंजिन थंड असताना पेडल मारून पाहावे. चटकन सुरू झाले तर ठीक. धूर किती व कोणत्या रंगाचा निघतो ते पाहावे. शंका असल्यास ओळखीच्या मिस्त्रीस सोबत न्यावे. त्याला आवाजावरून पिस्टनची अवस्था कळे. जो भाग झिजला असेल तो तालुक्याच्या गावीही मिळे, आणि त्याचा खर्च किमतीतून वजा करून सौदा होई. सायकलीइतकी उघडी नव्हे, तरी लुना ही वाचता येण्याजोगी गाडी होती.

तिच्याबरोबर कागदही असत. मोटार वाहन कायद्याप्रमाणे विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत नमुना २९ भरून परिवहन कार्यालयास विक्रीची वर्दी द्यावयाची, घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत नमुना ३० भरून आपले नाव चढवून घ्यावयाचे, अशी रीत आहे. आर. सी. बुकावरील नाव, इंजिनाचा व सांगाड्याचा क्रमांक ही जुळली की गाडी चोरीची नाही अशी खात्री पटे. पुष्कळ लोक आळसाने नाव बदलीत नसत आणि अपघात झाला म्हणजे जुन्या मालकास धावावे लागे, हे खरे. पण तो दोष माणसांचा, व्यवस्थेचा नव्हे.

या शतकाच्या आरंभी हे पर्व संपले. १९८४ साली त्याच कायनेटिक समूहाने जपानच्या होंडाशी भागीदारी करून बिनगियरची स्कूटर आणण्याचा उपक्रम केला होता; शंभर घन सेंटिमीटरच्या जपानी धर्तीच्या मोटारसायकलीही थोड्या पेट्रोलवर दूर जाऊ लागल्या; आणि पेडल हे दारिद्र्याचे लक्षण वाटू लागले. २०२४ च्या फेब्रुवारीत कायनेटिक ग्रीन कंपनीने जुने नाव घेऊन विजेवरील ई-लुना आणिली. परंतु तिला पेडल नाही. पाय आणि यंत्र यांची जुनी भागीदारी आता दुसरीकडे, म्हणजे विजेच्या सायकलीत, पाहावी लागते.

विजेच्या सायकलीची कल्पना मोपेडहूनही जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन या अमेरिकन गृहस्थास मागील चाकात मोटर बसविलेल्या सायकलीचे पेटंट १८९५ च्या अखेरीस मिळाले. पण स्वाराने पेडल मारिले तरच त्याच्या बळाच्या प्रमाणात मोटरने जोड द्यावी, ही आजची योजना जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली बाजारात आणिली. येथे मोपेडची रचना उलटी झाली. मोपेडमध्ये इंजिन मुख्य आणि पाय साहाय्यक. या सायकलीत पाय मुख्य आणि मोटर साहाय्यक. आपल्याकडील नियमांप्रमाणे अशा मोटरची शक्ती २५० वॅटच्या आत असावी आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर तिची मदत बंद व्हावी. या मर्यादेतील सायकल मोटार वाहन समजली जात नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको.

२५० वॅट म्हणजे किती, याचा अंदाज हिशेबाने येईल. भिंगारहून पाथर्डी रस्त्याने पूर्वेस निघाले म्हणजे काही मैलांवर चांदबिबीचा महाल म्हणून ओळखला जाणारा सलाबतखानाचा मकबरा डोंगरावर दिसतो, आणि त्याच रस्त्यावर पुढे करंजीचा घाट लागतो. वीस फुटांत एक फूट असा चढ धरिला, आणि स्वार व सायकल मिळून नव्वद किलो वजन धरिले, तर ताशी दहा किलोमीटर वेगाने वर जाण्यास केवळ चढासाठी सुमारे सव्वाशे वॅट शक्ती लागते. सामान्य प्रकृतीचा माणूस तासभर टिकवून धरू शकतो ती शक्ती शंभर वॅटच्या आसपास. म्हणजे जो चढ एकट्या पायांस दम लावणारा, तोच मोटरच्या जोडीने बोलत बोलत चढता येतो. वीजही फार लागत नाही. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरावयास अर्ध्या युनिटाहून कमी वीज पुरते, आणि पेडल मारीत गेल्यास तेवढ्यावर पंचवीस-तीस किलोमीटर जाता येते. भिंगार ते नगर जाणे-येणे त्यात तीन-चार वेळा व्हावे. गुडघे दुखू लागलेल्या गृहस्थास किंवा दप्तर-डबा घेऊन निघालेल्या शिक्षिकेस याहून सोयीचे वाहन सुचविणे कठीण आहे.

मग हे वाहन दुसऱ्या मालकाकडे सुखरूप जाईल काय? येथे मात्र शंका उत्पन्न होते. विजेच्या सायकलीच्या किमतीचा मोठा भाग बॅटरीत असतो, आणि बॅटरीचे वय डोळ्यांस दिसत नाही. लिथियमची बॅटरी प्रत्येक भरण्या-रिकामे होण्यासरशी थोडी थोडी झिजते. ती न वापरताही झिजते, आणि आपल्याकडील उन्हाळ्यात पूर्ण भरून तापलेल्या जागी ठेविल्यास अधिक झिजते. बाहेरून डबा मात्र तसाच चकचकीत. जी पूर्वी तीस किलोमीटर जाई ती आता बारा जाते, हे विकणाऱ्यास ठाऊक असते. घेणाऱ्यास ते घरी नेल्यावर कळते. बॅटरी बंद पडली तर सायकल पायांनी चालते खरी. परंतु मोटर व बॅटरीचे आठ-दहा किलो ओझे घेऊन चालते. सायकलीच्या सौद्यात जी ज्ञानाची समता होती आणि लुनाच्या सौद्यात मिस्त्रीच्या मदतीने साधता येत होती, ती येथे मोडते.

घेणाऱ्याने काही काळजी घेता येईल. बॅटरी आपल्यासमोर पूर्ण भरून घ्यावी व निदान दहा किलोमीटर, त्यातील काही चढावर, चालवून पाहावे. खूण झपाट्याने उतरत असेल तर किंमत बॅटरीवाचून धरावी. डब्यावरील निर्मितीची तारीख वाचावी. फुगलेला, उघडून पुन्हा बंद केलेला डबा कधीही घेऊ नये. त्यात आगीचे भय असते. मूळचा चार्जर मागून घ्यावा. नवी बॅटरी त्याच मापाची मिळते काय, याची चौकशी सौद्यापूर्वी करावी; न मिळाल्यास ती सायकल लवकरच भंगार होणार हे समजावे.

कागदांची अडचण याहून निराळी आहे. नोंदणी नको ही सवलत पहिल्या मालकास सुखाची. पण नोंदणी नाही म्हणून आर. सी. बुक नाही, आणि बुक नाही म्हणून ही वस्तू विकणाऱ्याचीच आहे याला सरकारी पुरावा नाही. १९३० च्या वस्तू-विक्री कायद्याचा सामान्य नियम असा की, विकणारा जर मालकच नसेल तर घेणाऱ्याससुद्धा मालकी मिळत नाही, मग त्याने पूर्ण पैसे मोजिले असले तरी. म्हणून दुकानाची मूळ पावती, सांगाड्यावरील क्रमांक आणि विक्रीची दोन ओळींची सहीनिशी चिठ्ठी, एवढे तरी घेणाऱ्याने मागितले पाहिजे. बदलीच्या घाईत सामान विकून जाणाऱ्या माणसाकडून घेताना तर हे विशेष आवश्यक. कारण तो उद्या हजार मैलांवर असणार.

व्यक्तीची सावधगिरी एका मर्यादेपर्यंतच पुरते. पुढचे काम कायद्याचे व कारखानदाराचे आहे. युरोपीय संघाने २०२३ साली केलेल्या कायद्याने असे ठरविले आहे की, १८ फेब्रुवारी २०२७ पासून सायकलीसारख्या हलक्या वाहनांच्या बॅटरीसही तिची माहिती देणारे एक प्रकारचे ओळखपत्र असावे, आणि अशी बॅटरी कोणाही जाणत्या कारागिरास काढून बदलता यावी. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी निकामी बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकिली आहे. ही गोष्ट चांगली. पण तीत विचार आहे तो बॅटरीच्या मरणानंतरचा. तिच्या उतारवयाचा, म्हणजे ज्या वर्षांत ती दुसऱ्या मालकाच्या घरी असते त्या वर्षांचा, विचारही तितकाच निकडीचा आहे. बॅटरीची उरलेली शक्ती सांगणारी खूण डब्यावरच वाचता यावी, आणि तो डबा भिंगारच्या किंवा पाथर्डीच्या मिस्त्रीस उघडता व दुरुस्त करता यावा, या दोन मागण्या अवास्तव नाहीत.

नगरच्या कारखान्यातून निघालेल्या लुनाने पन्नास वर्षांपूर्वी एक धडा घालून दिला आहे. गाडी स्वस्त असणे पुरेसे नसते; ती विकत घेणाऱ्या दुसऱ्या माणसास तिची परीक्षा करता आली पाहिजे आणि ती बिघडल्यास त्याच्या गावात नीट झाली पाहिजे. हा धडा विजेच्या सायकलीने गिरविला तर ती दूधवाल्यापर्यंत पोहोचेल. न गिरविला तर ती पहिल्या मालकाच्या हौसेची वस्तू राहील, आणि त्याची हौस फिटल्यावर जिन्याखाली धूळ खात पडेल.